उत्तर बरोबर आलं, म्हणून?

"उत्तर बरोबर आलं ना? मग पाचपैकी पाच द्या आणि पुढची उत्तरपत्रिका घ्या. आपण काही मराठीचा पेपर तपासायला बसलो नाही."

संख्याशास्त्राच्या मूल्यांकन केंद्रावर हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणारा माणूस आळशी असतो असंही नाही. बहुतेकदा तो अनुभवी असतो, पोरांविषयी कळवळा असलेला असतो आणि त्याच्याजवळ भक्कम युक्तिवाद तयार असतो. संख्याशास्त्र हा आकड्यांचा विषय. आकडा बरोबर की चूक हे कुणालाही तपासता येतं. स्पष्टीकरणाला गुण ठेवले की परीक्षकाची मर्जी सुरू झाली, एक जण तीन देणार, दुसरा एक. त्यात आपली मुलं खेड्यातली आणि पेपर इंग्रजीत. त्यांना चार वाक्यं लिहायला लावणं म्हणजे विषय येत असून भाषेपायी मारणं. तेव्हा मॉडेल आन्सर काटेकोर ठेवा: सूत्राला एक, किमती घालण्याला एक, झेडला एक, कोष्टकाला एक, उत्तराला एक. सगळ्यांना एकच माप.

मला हे मान्य नाही. इतर प्रकरणांच्या बाबतीत मी कदाचित गप्प बसलो असतो, पण सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशनच्या प्रश्नाला हे माप लावणं म्हणजे नेमकी तपासायची गोष्ट सोडून बाकी सगळं तपासणं. हवेत बोलत नाही, एक प्रश्नच समोर ठेवतो.

समजा, आमच्या अल्लीपूर भागात सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन सरासरी १२ क्विंटल आहे आणि प्रमाण विचलन ४ क्विंटल. यदृच्छ पद्धतीने ६४ प्लॉट निवडले. या ६४ प्लॉटची सरासरी ११ क्विंटलपेक्षा कमी येण्याची संभाव्यता काढा. पाच गुण. (आकडे सोयीसाठी घेतलेले, कोणत्याही खऱ्या हंगामाचे नव्हेत. हिंगणघाट तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी ते मनावर घेऊ नयेत.)

गणित दोन ओळींचं आहे. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून सरासरीची प्रमाण त्रुटी ४ भागिले ८, म्हणजे अर्धा क्विंटल. ११ हा आकडा १२ पासून एक क्विंटल खाली, म्हणजे दोन प्रमाण त्रुटी खाली. कोष्टकावरून उत्तर ०.०२२८.

आता तीन उत्तरं घ्या. ती मीच रचलेली समजा, पण ज्याने हे बंडल कधी सोडलं असेल त्याला तिन्ही ओळखीची वाटतील.

पहिला विद्यार्थी सुबक अक्षरात लिहितो: एन ६४ आहे, तो तीसपेक्षा जास्त आहे, म्हणून सेंट्रल लिमिट थिअरमनुसार समष्टी प्रसामान्य होते. मग सूत्र, किमती, झेड उणे दोन, उत्तर ०.०२२८, खाली दोन रेघा. दुसरा खाडाखोड करत लिहितो: परत परत ६४ प्लॉट घेतले तर दर वेळी सरासरी वेगळी येईल, पण जास्तवाले आणि कमीवाले एकमेकांना सांभाळून घेतात म्हणून या सरासऱ्या एकेका प्लॉटइतक्या फाकत नाहीत, त्यांचा फैलाव ४ भागिले ८. झेड उणे दोन. मग कोष्टकात दोनसमोर ०.४७७२ दिसतं आणि गडी तेच उत्तर म्हणून लिहून टाकतो, ०.५ मधून वजा करायचं राहून जातं. तिसरा वर्गमूळच विसरतो. ११ वजा १२ भागिले ४, झेड उणे ०.२५, कोष्टक बिनचूक वाचतो आणि ०.४०१३ लिहितो.

काटेकोर मॉडेल आन्सरनुसार पहिल्याला पाच. दुसऱ्याला चार, कारण शेवटचा आकडा चुकला. कडक परीक्षक असेल तर तीन. तिसऱ्याला सूत्राचा आणि उत्तराचा गुण कापून तीन, "घाईत वर्गमूळ राहिलं" म्हणून.

तिसऱ्यापासून सुरू करू, कारण त्याच्याविषयी कुणाला वाईटसुद्धा वाटत नाही. त्याने ६४ हा आकडा वापरलेलाच नाही. प्रश्नात तो दिलाय कशाला, हे त्याला ठाऊक नाही. एका प्लॉटची जी वध-घट तीच ६४ प्लॉटच्या सरासरीची, असं त्याच्या उत्तराचं म्हणणं आहे. म्हणजे प्लॉट एक घ्या की हजार, फरक काहीच नाही. मग माणसांनी सर्वेक्षणं कशाला करायची? हे प्रकरण शिकवायला जे काही तास लागले त्यातलं एक अवाक्षरही त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही आणि आपण त्याला साठ टक्के दिले, झेडच्या कोष्टकात बोट बरोबर ठेवल्याबद्दल. वर्गमूळ ही इथे सूत्रातली एक पायरी नाहीच. तोच प्रश्न आहे.

पहिल्याचं दुखणं वेगळं, आणि माझ्या मते जास्त गंभीर. समष्टी प्रसामान्य होते, असं तो लिहितो. म्हणजे काय होतं? आपण ६४ प्लॉट निवडले म्हणून महसूल मंडळातली सगळी वावरं आपापलं उत्पादन बदलून घंटेच्या आकारात उभी राहतात? थिअरमचं म्हणणं समष्टीविषयी नाही, नमुन्याविषयीही नाही. तेवढ्याच आकाराचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले असते तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरल्या असत्या, त्याविषयी ते आहे. समष्टी जशी होती तशीच राहते, वाकडी असली तर वाकडीच.

आणि आमच्याकडची समष्टी वाकडीच आहे. यशोदा नदीच्या काठाने पाणी साचणारी वावरं, वरच्या बाजूची हलकी जमीन, विहीर आणि तुषार संच असलेल्या मोजक्या कास्तकारांची पिकं, हे सगळं एकाच मंडळात येतं. २०२३ साली विदर्भात पिवळा मोझॅक पडला तेव्हा काही वावरांत शेंगा भरल्याच नाहीत, कापणीचा खर्चही निघणार नाही म्हणून लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. आणि त्याच शिवारात वेगळ्या वाणाचं, वेगळ्या तारखेला पेरलेलं सोयाबीन बऱ्यापैकी उभं होतं. एकरी झडतीचा आलेख काढला असता तर एक ढीग शून्याजवळ आणि दुसरा लांब, असं काहीतरी दिसलं असतं. त्याला प्रसामान्य म्हणणं म्हणजे कास्तकाराच्या तोंडावर त्याचं वावर नाकारणं.

"पण आकडा तर बरोबर आला!" हो, आला. म्हणून मी एक उपप्रश्न जोडतो: याच मंडळातला एक प्लॉट यदृच्छ निवडला, तर त्याचं उत्पादन हेक्टरी ८ क्विंटलपेक्षा कमी असण्याची संभाव्यता काय? पहिला विद्यार्थी क्षणाचाही विचार न करता लिहील: झेड उणे एक, उत्तर ०.१५८७. त्याच्या लेखी समष्टी प्रसामान्य झालेली आहे ना! दुसरा अडेल. अडेल आणि लिहील की एका प्लॉटबद्दल सांगता येत नाही, समष्टीचा आकार दिलेला नाही. त्याचं अडणं हेच बरोबर उत्तर आहे. पाच गुणवाला फसला, चार गुणवाला तरला. आता सांगा, आपल्या मॉडेल आन्सरने काय मोजलं?

दुसऱ्याची बाजू घेताना त्याची चूक मी पोटात घालत नाही. ०.४७७२ लिहिताना त्याने थांबायला हवं होतं. सरासऱ्या फार फाकत नाहीत असं स्वतःच लिहून, दोन प्रमाण त्रुटी खाली जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी कशी येईल? एक गुण कापा, खुशाल कापा. पण तो कोष्टकाचा गुण आहे आणि तो आठवड्याभराच्या सरावाने भरून निघतो. पहिल्याची समजूत सरावाने आणखी घट्ट होते.

इथे पाठ्यपुस्तकाचा दाखला पुढे येतो: "एन तीसपेक्षा जास्त असला की झालं, असं पुस्तकातच लिहिलंय. पोरांनी तेच लिहिलं तर गुण कसे कापणार?" तीसमध्ये कुठलीही जादू नाही. जुन्या टी-कोष्टकांत ओळी तीसपर्यंत उतरत येत आणि मग थेट अनंतावर उडी घेत, कारण तिथून पुढे टी आणि प्रसामान्य यांच्यातला फरक कागदावर फारसा दिसत नसे. ती छपाईची सोय होती, पुढे बहुधा तीच शाळा-कॉलेजांत मंत्र झाली. समष्टी सममित असेल तर दहाच्या नमुन्यातही सरासऱ्या चांगल्या वागतात. एखाद्या बाजूला लांब शेपूट असेल तर तीस काय, पन्नासही पुरत नाहीत.

गंमत अशी, की ज्याच्या कामातून ती टी-कोष्टकं निघाली तो माणूस तीसच्या जवळपासही गेला नव्हता. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. कारखान्यातले प्रयोग महागडे, नमुने चारपाचाचे. मोठ्या नमुन्यांची सूत्रं त्याच्या उपयोगाची नव्हती. १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख लिहिला आणि त्यात स्वतःचं गणित पडताळून पाहण्यासाठी जे केलं ते प्रत्येक वर्गात करून दाखवण्याजोगं आहे. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी छापील मापं उपलब्ध होती. ती त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली, तुकडे चांगले पिसले आणि एकेक काढत गेला. लागोपाठच्या चारांचा एक नमुना, असे ७५० नमुने. प्रत्येकाची सरासरी, प्रत्येकाचं विचलन. मग त्या ७५० आकड्यांचा फैलाव त्याने आपल्या सूत्राशी ताडून पाहिला. सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन म्हणतात ते हेच: पुन्हा पुन्हा काढलेल्या नमुन्यांच्या उत्तरांचा फैलाव. आपला पहिला विद्यार्थी ०.०२२८ काढतो, पण त्या पुठ्ठ्यांतून काय निघत होतं हे विचारलं तर त्याला सांगता येणार नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तोच खरा दमदार आहे. स्पष्टीकरणाला गुण ठेवले की दोन परीक्षकांत फरक पडणार, काटेकोर मॉडेल आन्सरने तो पडत नाही, म्हणून तेच न्याय्य. संख्याशास्त्राच्या माणसाने हा युक्तिवाद करावा याचं मला नवल वाटतं. मोजमापात दोन प्रकारच्या चुका असतात हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो. एक चूक दर वेळी वेगळी, इकडे-तिकडे हलणारी. दुसरी दर वेळी एकाच दिशेची. पहिली जास्त मोजमापं घेतली की कमी होते. दुसरी लाख मोजमापं घेतली तरी जागची हलत नाही, उलट सगळी मोजमापं एकमेकांशी जुळतात म्हणून आपला तिच्यावर विश्वास बसतो. वीस परीक्षकांनी पहिल्या विद्यार्थ्याला पाचपैकी पाचच दिले, यातून एवढंच सिद्ध होतं की वीसही जण एकाच दिशेने चुकले.

हा भेद आपल्याकडच्या शेतांतच लढून ठरलेला आहे, त्यासाठी परदेशी जायला नको. १९४० च्या दशकात पिकांचं उत्पादन नमुन्यावरून काढायचं तर कापणीचा प्लॉट केवढा घ्यावा, यावर देशातल्या संख्याशास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. एका बाजूला कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस. लहान प्लॉट घ्या, पुष्कळ घ्या, काम झपाट्याने होतं. दुसऱ्या बाजूला पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांनी दाखवलं की प्लॉट फार लहान असला की कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न पदोपदी येतो, आणि कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. उत्पादन फुगतं, आणि दर वेळी फुगतंच. असे प्लॉट कितीही वाढवले तरी फुगवटा तेवढाच राहणार. सुखात्म्यांनी १९४६ साली हे 'नेचर'मध्ये मांडलं. विनायक गोविंद पानसे यांनी कापसाच्या सर्वेक्षणांत प्लॉटच्या आकाराचा हाच मुद्दा लावून धरला. वऱ्हाडातल्या पऱ्हाटीच्या वावरांशी त्याचा थेट संबंध. पुढे १९५४ मध्ये या दोघांचं शेतीसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरचं पुस्तक आलं आणि ते देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. सुखात्मे-पानसे हे नाव घेऊन आपण तास सुरू करतो आणि मूल्यांकन केंद्रावर गेलो की कडेवरचं प्रत्येक झाड आत ओढून घेतो.

आणि परीक्षकांत फरक पडणारच, हे तरी खरं का? अमेरिकेत बारावीच्या वयाच्या मुलांसाठी एपी स्टॅटिस्टिक्स नावाची परीक्षा १९९७ पासून होते. त्यात काही प्रश्न लिहून सोडवायचे असतात. प्रत्येक भागाला 'मुळात बरोबर', 'अंशतः बरोबर' आणि 'चूक' असे तीनच शेरे, आणि त्यावरून प्रश्नाला शून्य ते चार गुण. नुसता आकडा काढून स्पष्टीकरण न देणाऱ्याला पूर्ण गुण मिळत नाहीत, नुसतं थिअरमचं नाव टाकणाऱ्यालाही नाहीत. तपासायला शेकड्यांनी शिक्षक बसतात. आधी त्यांच्यासमोर नमुन्याची उत्तरं ठेवून कशाला काय द्यायचं यावर घासाघीस होते, मग काम सुरू होतं. तीन शेऱ्यांत एकमत करणं अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या हिशेबापेक्षा सोपं जातं. आपल्याकडे मॉडरेटर असतातच. त्यांनी पहिल्या सकाळी गठ्ठ्यातल्या दहा उत्तरपत्रिका काढून सगळ्यांना त्यावर एकदा भांडू दिलं, तरी पुष्कळ होईल.

राहिला खेड्यातल्या पोरांचा कळवळा. याची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण मी अल्लीपूरचाच आहे. आमच्या पोरांना चार वाक्यं लिहिता येणार नाहीत, म्हणून त्यांना सूत्रं पाठ करू द्या, हे कुणी ठरवलं? इंग्रजीत अडतील, कबूल. मग व्याकरणाचे गुण कापू नका. मोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी आशय बघा, मधेच मराठी शब्द आला तर येऊ द्या. ते परीक्षकाच्या हातात आहे. पण आशयच नको म्हणणं ही सवलत नव्हे. अल्लीपूरच्या बी.एस्सी.च्या पोराला विचारून पाहा, एका वावराची झडती आणि साऱ्या मंडळाची सरासरी झडती यातलं काय जास्त हलतं. "वावराची, सर. एखाद्या वावरात काहीच निघत नाही, एखाद्यात पोतंच पोतं. मंडळाची सरासरी एवढी कशी हलंल?" हे उत्तर तो धुऱ्यावर बसूनही देतो. परीक्षेत ते विचारलं जात नाही, म्हणून लिहीत नाही.

त्याला ते यायलाच हवं, कारण त्याच्या बापाचा पीक विमा त्यावर ठरतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळ हा विमा क्षेत्राचा घटक असेल, तर प्रमुख पिकासाठी किमान दहा पीक कापणी प्रयोग करायचे असा नियम आहे. हजारो वावरं, प्रयोग दहा. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन, ती जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पादन ठरतं. यंदाची सरासरी त्याच्या खाली गेली, तर जेवढ्या टक्क्यांनी खाली तेवढी विमा रकमेची भरपाई. काही पिकांना उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाचंही वजन देतात, पण कणा कापणी प्रयोगाचाच. राज्याने २०२३ मध्ये आणलेली एक रुपयातली योजना २०२५ मध्ये बंद झाली. स्थानिक आपत्तीचे वेगळे निकषही त्या वर्षी गेले, तेव्हा तर मुख्य मदार या प्रयोगांवरच आली.

कापणीच्या दिवशी वावरात उभं राहून बघा. कृषी सहायक किंवा तलाठी यदृच्छ आकड्यांवरून पावलं मोजतो, दोरी लावतो, चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतो. कास्तकार म्हणतो, "साहेब, थोडं धुऱ्याकडं सरका." विमा कंपनीचा प्रतिनिधी मोबाइल काढून मधल्या दाट पिकाचे फोटो घेतो. सुखात्म्यांचं कडेवरचं झाड आज दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. आणि प्रत्येकाला वाटतं की या एका प्लॉटवरच सगळं ठरणार.

आता हिशेब. समजा उंबरठा १० क्विंटल आणि मंडळाचं खरं उत्पादन ९. दहा टक्के भरपाई मिळायलाच हवी. प्लॉटचं प्रमाण विचलन पुन्हा ४ धरू. दहा प्लॉटच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ४ भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे १.२६. सरासरी १० च्या वर जाण्याची संभाव्यता ढोबळमानाने ०.२१. कुणीही लबाडी न करता, सगळं नियमाने होऊनही, पाचातल्या एका वेळी मंडळाला छदामही मिळणार नाही. हे खरं तर कमीच धरलं. दहा प्लॉट मोजक्या गावांत दोनदोन असे येतात, एका गावातल्या दोन वावरांचा पाऊस आणि माती बहुधा सारखीच, त्यामुळे दहा प्लॉट दहाच्या तोलाचे राहत नाहीत. खरी त्रुटी याहून मोठी. ज्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत "पण हे प्लॉट स्वतंत्र आहेत का?" असं विचारलं असतं, त्याला आपलं मॉडेल आन्सर शून्य देतं. तो प्रश्न पाचपैकी कुठल्याच पायरीत बसत नाही.

गावातली भांडणंही बहुतेक याच गोंधळाची असतात. "माझ्या वावरात एकरी दोन पोते, मग मंडळाची सरासरी इतकी कशी?" हा सवाल दर हंगामात येतो. कधी त्यात खरोखर घोळ असतो, कधी नसतो. एका वावराचं विचलन आणि सरासरीची त्रुटी वेगळी करता येणारा माणूस गावात असेल, तर तक्रार कुठे करायची आणि कुठे नाही हे कळतं. दहा प्रयोग अपुरे आहेत, वाढवा, अशी मागणी आकड्यानिशी करता येते. तो माणूस आपल्या वर्गातून जाणार आहे. आणि आपण त्याला शिकवून पाठवतो, समष्टी प्रसामान्य होते, पाचपैकी पाच.

वेळ नाही, मानधन तुटपुंजं, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर मी वाद घालणार नाही. घाईत तपासणी केली की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिलं. पुरेशी तयारी न करता ऑन-स्क्रीन मूल्यांकन आणलं, निकाल महिनोन्‌महिने लटकले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. पण माझ्या मागणीला जास्त वेळ लागत नाही. पहिल्याचं ते वाक्य वाचायला जितका वेळ लागतो तितकाच. आज आपण ते ओलांडून खालचा आकडा शोधतो, एवढंच.

पुनर्मूल्यांकनात विद्यार्थ्याने "उत्तर बरोबर असून गुण का कापले?" असं विचारलं तर? तर त्याला सांगायचं. योजना आधी छापलेली असावी, प्रश्नपत्रिकेवरच. मी अशी करीन: सरासरी कशाभोवती आणि किती फाकते ते समजून लिहिण्याला दोन गुण, मग ते सूत्राने लिहा, शब्दांत लिहा, चित्र काढा. आकार प्रसामान्य का धरला, आणि तो कशाचा आकार, याला एक. आकडेमोड आणि कोष्टक मिळून एक. आलेल्या आकड्याचा अर्थ एका वाक्यात सांगण्याला एक. त्यानुसार पहिल्याला तीन, सूत्राचे दोन आणि आकडेमोडीचा एक. दुसऱ्याला दोन किंवा तीन. फैलाव त्याला पक्का कळलाय, पण आकाराविषयी तो बोललाच नाही, आकडा चुकला आणि अर्थही लिहिला नाही. तिसऱ्याला शून्य, फार तर एक.

म्हणजे माझ्या लाडक्या दुसऱ्याचंही या योजनेत फारसं भलं होत नाही. त्याला पाच मिळावेत असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. हिवाळी परीक्षेच्या पेपर सेटरने एवढंच करावं: त्या ६४ प्लॉटच्या प्रश्नाखाली एका प्लॉटचा तो दोन गुणांचा उपप्रश्न टाकावा, आणि ०.१५८७ किती उत्तरपत्रिकांत येतं ते मोजून अभ्यास मंडळासमोर ठेवावं.